केंद्रक आधी मागे सरतं

बडनेरा

मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या अमरावतीच्या माणसाला बडनेऱ्याच्या फलाटावर उतरवतात आणि नागपूरच्या दिशेनं निघून जातात. उरलेले दहाएक किलोमीटर ज्याचे त्यानं पार करायचे. जानेवारीतल्या एका सकाळी मी तिथं उतरले. हवेत चांगलाच गारठा होता, फलाटावर संत्र्यांच्या जाळ्या विकायला मांडलेल्या होत्या, आणि माझ्या बॅगेत कपड्यांच्या खाली एक जुनी निळी प्रयोगवही होती. ती माझी नव्हती.

वऱ्हाडात मी याआधी कधी आले नव्हते. बोलावणं आलं नव्हतं असं नाही. अमरावतीच्या एका महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख वानखडे सर तीन वर्षं लागोपाठ पत्रं पाठवत होते. एकदा मी आईच्या आजारपणाचं कारण दिलं, एकदा परीक्षांचं, एकदा उत्तरच दिलं नाही. खरं कारण असं, की अमरावतीहून तास-दीड तासावर दर्यापूर आहे आणि दर्यापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात अर्चना जीवशास्त्र शिकवते. अर्चना माझी पीएचडीची पहिली विद्यार्थिनी. बावीस वर्षांपूर्वी ती तीन वर्षांचं काम अर्धवट टाकून माझ्या प्रयोगशाळेतून निघून गेली. निदान मी तरी सगळ्यांना असंच सांगत आले. खरं तर तिला मी घालवलं. या खेपेला होकार कळवला तो व्याख्यानासाठी नाही. तेव्हा ती बरोबर होती, हे तिला तिच्या तोंडावर सांगायला मी निघाले होते.

वानखडे सर गाडी घेऊन आले होते. उंच, घोगऱ्या आवाजाचे, पन्नाशीचे गृहस्थ. पहिलंच वाक्य असं, "म्याडम, तीन वर्षांपासून वाट पाहून राहिलो. आमाले वाटलं, पुण्याच्या लोकायले बडनेऱ्याच्या पुढचा नकाशाच देत नाहीत." मी हसले. रस्ताभर ते बोलत होते आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. मला न बोलण्याची सवय आहे. लोक तिला गांभीर्य समजतात.

अमरावती

व्याख्यान दुपारी होतं. त्याआधी सरांनी मला एका गाडीवर नेऊन गिला वडा खाऊ घातला. उडदाचा मऊ वडा, वरून दही आणि चटण्या. आपल्याकडच्या दहीवड्याचा हा धाकटा भाऊ असेल असं मला वाटलं होतं, पण त्यात आपल्याकडचा गोडवा औषधालाही नाही. दुसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. सर म्हणाले, "पुण्याचा पाहुणा रडल्याबिगर आमी सोडत नाही."

आणखी एक फरक सांगते. पुण्यात व्याख्यान संपलं की दोन ठरलेली माणसं दोन ठरलेले प्रश्न विचारतात आणि बाकीचे चहाकडे जातात. इथं शाल-नारळ, स्वागतगीत, तीन प्रास्ताविकं असा पाऊण तास गेला. पण मी बोलायला उभी राहिले आणि सभागृह गप्प झालं. शेवटच्या रांगेतली पोरंसुद्धा.

मी काय बोलले ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

प्राण्यांच्या पेशी चालतात. त्वचेला खरचटलं की जखमेच्या काठावरच्या पेशी रिकाम्या जागेकडे सरकू लागतात. गर्भात तर पेशी दूरदूरचा प्रवास करून आपापल्या जागी पोचतात. पेशीला हाडं नसतात, तरी सांगाडा असतो. तो बारीक तंतूंचा आणि पोकळ नळ्यांचा, आणि हाडांसारखा कायमचा नाही. पुढच्या टोकाला तंतू जुळत जातात, मागे सुटत जातात. जुळणारे तंतू पेशीचा पडदा पुढे रेटतात. पण पेशीच्या आत एक जड, मोठी वस्तू असते, ती म्हणजे केंद्रक. सगळा वारसा त्यात बांधलेला. पेशीला चालायचं तर हे ओझं कसं हलवायचं? सांगाड्याचे तंतू केंद्रकावरून जातात आणि त्याच्या आवरणाला प्रथिनांच्या दुव्यांनी पकडतात. गंमत अशी, की जखमेच्या काठावरची पेशी पुढे निघण्याआधी हे तंतू मागच्या दिशेनं वाहतात आणि केंद्रकाला धरून मागे ओढतात. केंद्रक आधी मागे सरतं आणि पेशी नंतर पुढे निघते.

टाळ्या झाल्या. मग तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. तिनं विचारलं, "हे मागं सरणं पहिल्यांदा कोणी पाहिलं?"

मी एका परदेशी प्रयोगशाळेचं नाव सांगितलं. छापून पहिल्यांदा त्यांनीच आणलं, तेव्हा उत्तर चूक नव्हतं. पण मुलीनं 'पाहिलं' असं विचारलं होतं. पहिल्यांदा ते माझ्या प्रयोगशाळेत पाहिलं गेलं होतं. पाहणारी त्या सभागृहापासून पन्नास किलोमीटरवर त्या वेळी बहुधा अकरावीच्या वर्गात उभी होती. मुलीनं उत्तर वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी चहाला सरांनीच विषय काढला. तुमच्या हाताखाली शिकलेल्या एक बाई दर्यापूरला आहेत ना, म्हणाले, फार शिस्तीच्या, आमच्याकडे परीक्षक म्हणून येतात तेव्हा पोरं घाबरतात. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "एवढी हुशार पोरगी, पीएचडी काहून सोडली तिनं?"

मी म्हटलं, "घरचं काही झालं असावं."

हे इतक्या सहज तोंडून गेलं की मलाच ते खरं वाटलं. बावीस वर्षं घोटलेलं वाक्य असं गुळगुळीत होतं.

दर्यापूर

दुसऱ्या दिवशी सर गाडी देत होते. मी नको म्हटलं आणि बसनं निघाले. सोबत कोणी नको होतं.

अमरावती मागे पडली की जमीन एकदम सपाट होते. काळी, भेगाळलेली, डोळा पोचेल तिथपर्यंत. कपाशीची वेचणी चालू होती. बाया कमरेला ओटी बांधून ओळीनं पुढे सरकत होत्या. कुठे तूर वाळत आलेली, कुठे हरभरा. आपल्या मावळातल्यासारखं डोळ्याला अडवायला काही नाही. डोंगर नाही, घाट नाही, लपायला जागा नाही. शेजारी बसलेल्या एका बाईनं मला विचारलं, कोणाकडे चालल्या? ओळखीच्यांकडे, म्हटलं. कोण ओळखीचे? मी गप्प राहिले. ती तिच्या सोबतिणीला माझ्यासमोरच म्हणाली, "सांगाचं नाही दिसत बाईले." पुण्यात हे कोणी मोठ्यानं म्हणालं नसतं.

या पट्ट्यात भूगर्भातलं पाणी खारं आहे. बसस्थानकावर घेतलेल्या चहाला ती चव होती. टपरीवाला म्हणाला, नळाचं पाणी आज आलं नाही, बोअरचं आहे, दोन दिवसांत सवय होते. मला दोन दिवस राहायचं नव्हतं.

कॉलेजच्या शिपायानं मला सरळ प्रयोगशाळेच्या दाराशी नेऊन उभं केलं. अर्चनाचं प्रात्यक्षिक चालू होतं. सत्तेचाळीस वर्षांची, केस पुढून पांढरे झालेले, चष्मा, पांढऱ्या कोटाच्या बाह्या दुमडलेल्या. तिनं मला पाहिलं. मुलांना म्हणाली, पाहुण्या आल्या आहेत, पण आपलं काम आधी. आणि मला बसायला स्टूल दाखवलं.

अकरावीचं पहिलं प्रात्यक्षिक होतं ते. यंदा सूक्ष्मदर्शक उशिरा दुरुस्त होऊन आले, म्हणून जानेवारीत. हे प्रात्यक्षिक सगळ्यांनी केलेलं असतं. वर्तमानपत्राचा छोटासा कपटा काचेवर ठेवायचा आणि त्यातलं एक अक्षर बघायचं. अक्षर उलटं दिसतं. काच उजवीकडे सरकवली की ते डावीकडे पळतं. मुलं हसत होती, एकमेकांना ढकलत होती. अर्चना बाकांमधून फिरत एकच गोष्ट बजावत होती. काचेच्या कोणत्या कोपऱ्यावर खूण केली ते आधी वहीत लिहायचं, मगच डोळा लावायचा. एका मुलानं आधी डोळा लावला. तिनं त्याची काच काढून घेतली, पुसली आणि त्याला पहिल्यापासून करायला लावलं.

मी त्या स्टुलावर बसून राहिले. बावीस वर्षांपूर्वी काय झालं ते आता सांगते.

माझी प्रयोगशाळा तेव्हा नवी होती. मी बत्तीस वर्षांची, परदेशातून परतलेली, डोक्यात एक कल्पना घेऊन. सांगाड्याच्या नळ्या केंद्रकाला पुढे ओढत नेतात आणि त्यामागून पेशी चालते, अशी ती कल्पना. अर्चना पेशींच्या थरावर ओरखडा काढायची आणि काठावरच्या पेशींकडे बघत बसायची. सूक्ष्मदर्शकाला दोन कॅमेरे होते. एकातून ओरखड्याची बाजू दिसायची. दुसरा नवा होता, त्यातून एकाच पेशीचं चमकणारं केंद्रक मोठं करून दिसायचं, आणि त्या चौकटीत ओरखडा मावत नसे. अर्चनाला सवय होती. पेशी वाढवलेल्या पातळ काचेचा ओरखड्याकडचा कोपरा ती काच कापायच्या हिरकणीच्या पेननं किंचित तोडायची आणि तो कोणता ते वहीत लिहायची. मग काच त्या कोपऱ्याच्या दिशेनं जराशी सरकवून केंद्रक पडद्यावर कोणत्या बाजूला जातं ते बघायची. तिच्या हिशेबानं केंद्रक ओरखड्यापासून दूर, म्हणजे मागे जात होतं. मी पडद्यावर बघायचे, तर ते ओरखड्याकडे, म्हणजे पुढे जात होतं. चौदा वेळा तिनं प्रयोग केला. चौदा वेळा मी सांगितलं, तू काच उलटी ठेवतेस. ती म्हणायची, नाही म्याडम, कोपरा बघा. मी कोपरा बघितला नाही. माझ्या लेखातलं मुख्य चित्र तयार होतं.

मग मी तिच्या कामाच्या अहवालात लिहिलं, की विद्यार्थिनी हातकामात निष्काळजी आहे आणि तिची निरीक्षणं विश्वासार्ह नाहीत. संस्थेच्या संशोधन समितीनं ते मान्य केलं. पुढे तिनं राजीनाम्याचा अर्ज दिला.

नवा कॅमेरा चित्र आरशासारखं उलटं दाखवत होता. एवढंच होतं. अकरावीचा कपटा दोन्ही कॅमेऱ्यांखाली धरला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं.

दर्यापूर, स्टाफरूम

तास संपल्यावर आम्ही स्टाफरूममध्ये बसलो. बाकीचे निघून गेले होते. मी बॅगेतून तिची निळी वही काढून टेबलावर ठेवली. प्रयोगवह्या प्रयोगशाळेच्या मालकीच्या असतात, म्हणून जाताना तिला ती नेता आली नव्हती. तिनं ती उघडली नाही. हात कोटाला पुसून वरून एकदा फिरवला.

मी बोलले. वाक्यं मी गाडीत पाठ केली होती. तू बरोबर होतीस, कॅमेरा उलटा होता, माझा अहवाल चुकीचा होता. संस्थेला आणि ज्या नियतकालिकात माझा लेख आला त्यांना मी पत्र लिहिणार आहे. हे निरीक्षण आधी तुझं होतं हे त्यात असेल, तुझ्या नावासकट.

"तुमाले कवा समजलं?" तिनं विचारलं. इतका वेळ ती माझ्याशी पुस्तकी बोलत होती.

मी म्हटलं, परदेशातल्या त्या लोकांचा लेख आला तेव्हा.

हे खरं नव्हतं. कबुली द्यायला सहाशे किलोमीटर आले आणि तिथंही मी आपल्यापुरती जागा राखून ठेवली.

तिनं मान हलवली. तो लेख तिनंही वाचला होता. तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन अकोल्याहून इकडे आली होती. म्हणाली, दोनदा वाचला, मग घरी जाऊन पोळ्या केल्या, त्या दिवशी पोळ्या करपल्या. नवऱ्यानं विचारलं तर सांगितलं, पीठ खराब आहे.

तिनं वही आपल्या बाजूला ओढून घेतली. मी वाट पाहत होते. कशाची, तेही प्रामाणिकपणे सांगते. ती 'जाऊ द्या म्याडम' म्हणेल याची.

ती म्हणाली, "नाव मले पाहिजेच. नको म्हणणार नाही, तेवढी मोठी मी नाही. पण पत्र नंतर लिहा. आंधी बाबाले सांगा. त्यायले तुमी तुमच्या तोंडानं सांगतलं होतं नं? मंग वापस बी तुमच्याच तोंडानं."

तिचे वडील तेव्हा पुण्याला आले होते. अकोल्याजवळ फुलं पिकवणारे, फुलं विकणारे. मुलीनं अर्ज दिला म्हणून मला भेटायला आले, येताना पाटीभर शेवंती घेऊन. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर तीन तास बसले. त्यांना वाटत होतं, मुलगी रुसली असेल, म्याडमनं समजावलं तर राहील. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि सांगितलं, तुमची मुलगी हातानं निष्काळजी आहे, हे काम तिच्या हातचं नाही. ते 'बरं बाई' म्हणाले. शेवंती माझ्या टेबलावर ठेवून गेले.

अकोला

दुसरा दिवस शनिवार होता. अर्चनानं अर्धी रजा टाकली आणि आम्ही दोघी बसनं अकोल्याला निघालो. वाटेत पूर्णा लागते. पात्र मोठं, पाणी थोडं. आम्ही शेजारी बसून तासाभरात चार वाक्यं बोललो असू. तिनं मला एक संत्रं सोलून दिलं, बिया काढून. प्रयोगशाळेत ती माझ्यासाठी काचा अशाच तयार ठेवायची.

अकोल्यातून रिक्षानं पातूर रस्त्याला. गावाबाहेर शेवंती आणि झेंडूचे पट्टे, कडेला विहीर, दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत शहात्तर वर्षांचे बाबा गोणपाटावर बसून हार ओवत होते. मला त्यांनी ओळखलं. "पुण्याच्या बाई," म्हणाले, आणि उठायला लागले. मी बसा म्हटलं तरी उठले.

मला लगेच बोलायचं होतं. या माणसाचं अन्न खाण्याआधी बोलायचं होतं. मी सुरुवातही केली, की काका, मी एक गोष्ट सांगायला आले आहे. त्यांनी हात वर केला. "आंधी जेवा. आमच्यात पाहुण्याले उपाशी पोटी कामाचं बोलू देत नाहीत. वाईट बातमी असली तरी." अर्चना माझ्याकडे न बघता आत गेली, तिच्या वहिनीला मदत करायला.

आपल्याकडे पाहुणा 'नको' म्हणाला की दुसऱ्या 'नको'ला सुटका होते. इथं 'नको' हा शब्द ऐकायला येत नाही. तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची, वांगी घालून केलेली भाजी, तेलाचा तवंग आलेली, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, वर कढी. बाबा स्वतः समोर बसून वाढायला लावत होते. घ्या न बाई, पुण्याले हे सोले कुठं. मी चौथी अर्धी भाकर खाल्ली. जेवण उत्तम होतं.

हात धुतल्यावर त्यांनी सुपारीचं ताट पुढे केलं आणि म्हणाले, "आता बोला."

मी त्यांना सांगितलं. तंतू, नळ्या, प्रथिनं हे शब्द गाळून सांगायचं होतं. माणसाच्या, जनावराच्या अंगात बारीक बारीक पेशी असतात, म्हटलं. जखम झाली की त्या ती भरायला चालत निघतात. पेशीच्या मधोमध एक जड गाठोडं असतं. तुमच्या मुलीनं पाहिलं, की पेशी पुढे निघायच्या आधी ते गाठोडं मागे सरतं. मी म्हणत होते पुढे सरतं. मी म्हटलं, ती काच उलटी धरते, तिच्या हाताला शिस्त नाही. तिचा हात बरोबर होता. माझं यंत्र उलटं दाखवत होतं.

बाबांनी थोडा विचार केला. "नाली कुदाची असन त माणूस दोन पावलं मागं सरते," म्हणाले. "यात न समजाले काय झालं?"

शास्त्र म्हणून ही उपमा बरोबर नाही. पेशी उडी घ्यायला मागे सरत नाही, केंद्रक मागे ठेवून ती पुढे पसरायला जागा करते. पण या माणसाला अर्ध्या मिनिटात जे अशक्य वाटलं नाही, ते मला चौदा वेळा अशक्य वाटलं होतं. मी काही दुरुस्त केलं नाही.

त्यांनी एक फूल उचललं, देठ खुडला, पुन्हा खाली ठेवलं. मग विचारलं, "मी पुण्याले आलो होतो, तवा तुमाले हे मालूम होतं का?"

अर्चना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी तिला काल एक उत्तर दिलं होतं. तेच पुन्हा दिलं असतं तर कोणाला कळलं नसतं. कॅमेरा दहा वर्षांपूर्वी भंगारात गेला. साक्षीदार कोणी नाही.

"होतं," मी म्हटलं.

आणि मग उरलेलंही सांगितलं. तिनं अर्ज दिल्यानंतरच्या रविवारी दुपारी प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. मी तिच्या वहीतलं पान उघडलं, का ते माहीत नाही, आणि छापील कागदाचा तुकडा आधी एका कॅमेऱ्याखाली धरला, मग दुसऱ्या. दुसऱ्यात अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आली. बाबा आले ते त्यानंतर नवव्या दिवशी. अर्ज तोवर माझ्या टेबलाच्या खणात होता, पुढे पाठवलेला नव्हता. तो फाडून टाकणं माझ्या हातात होतं. समितीला मी काय सांगणार होते? लेख मी आधीच पाठवला होता. पुढे मी त्यातून ते एक चित्र काढून घेतलं आणि बाकीचा छापला. चित्र का काढलं, कोणी विचारलं नाही.

बाबांनी हाराची सुई गोणपाटात खोचली. मग बोलले ते माझ्याशी नाही, जमिनीकडे बघून. "पुण्याहून आलो त्या दिवशी मी तिले मारलं होतं. पंचवीस वर्षांची पोरगी. ते म्हणे, बाबा, कोपरा बरोबर होता. मी म्हनलं, एवढी शिकलेली बाई खोटं कायले बोलन? अन मारलं. त्याच्या आंधी तिच्या अंगाले माहा हात कधी लागला नव्हता."

हे अर्चनानं मला कधी सांगितलं नव्हतं. का सांगेल?

ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, दारापर्यंत गेले, आणि मुलीपुढे उभे राहून त्यांनी दोन्ही हात जोडले. शहात्तर वर्षांच्या बापानं. "अर्चू, माह्याकून चुकलं."

"बाबा, हात खाली करा," ती म्हणाली. "करा न खाली." आणि तिनंच त्यांचे हात धरून खाली केले, आणि धरूनच ठेवले.

मी गोणपाटावर बसले होते, सुपारीचं ताट माझ्या हातात. माफी मागायला मी आले होते. पण ती त्या म्हाताऱ्यानं मागितली, माझ्या वाटची, आणि त्यात माझं नावही घेतलं नाही. मला त्या दोघांत शिरायला जागा नव्हती आणि तो हक्कही नव्हता. माझे पाठ केलेले शब्द अजून शिल्लक होते. 

निघताना बाबांनी 'या' म्हटलं नाही. वऱ्हाडात जाणाऱ्या पाहुण्याला 'या' म्हणतात, हे मला दोन दिवसांत कळलं होतं.

अर्चना रस्त्यापर्यंत सोडायला आली. रिक्षा मिळायला वेळ लागला. रस्त्याच्या कडेला उभी राहून, चेहरा शेताकडे ठेवून ती बोलली. आवाज चढवला नाही. वर्गात बोलावं तसं बोलली.

"कोणी विचारलं, पीएचडी काहून सोडली, त मी काय सांगत आली माहीत हाय? नवऱ्याले, सासूले, पोरीले बी. म्याडम चुकल्या, म्हणून. चांगल्या होत्या, पण चुकल्या, माणूस चुकते. बावीस वर्षं मी तुमचीच बाजू घेतली, म्याडम. आता लोकायले काय सांगू?"

रिक्षा आली. मी बसले. 

परत आल्यावर मी संस्थेला पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात 'कालांतराने निदर्शनास आले' असं वाक्य होतं. ते खोडलं, रविवारची दुपार लिहिली, नऊ दिवस लिहिले, तिचं पूर्ण नाव लिहिलं. नियतकालिकालाही तेच पाठवलं. अजून कोणाचं उत्तर नाही. येईल तेव्हा येईल. पण अर्चनानं विचारलं होतं ते अशा पत्रांत कोणी वाचत नाही. म्हणून हे मराठीत लिहिलं, तिच्या नवऱ्याला, मुलीला, वानखडे सरांना वाचता येईल असं. यापुढे कोणी विचारलं तर तिनं माझी बाजू घेऊ नये. म्याडम चुकल्या नव्हत्या. त्यांना माहीत होतं.